दुसरा गडी लोकल

१

सोमवार संगीताचा स्वतःचा असायचा. रविवारी संध्याकाळी पाहुणे गाड्या भरून पुण्या-मुंबईला परतले, की कुरवंड्याच्या वाटेवरचा तो बंगला शुक्रवारपर्यंत तिच्या एकटीच्या ताब्यात. चादरी काढायच्या, गच्चीवरची मक्याची खाल्लेली कणसं वेचायची, न्हाणीघरं घासायची, फरशी दोनदा पुसायची. दुपारी दोनपर्यंत सगळं हातावेगळं झालं की ती हॉलच्या गार फरशीवर मांडी घालून बसे, डबा सोडी आणि शेवटचा घास तोंडात असतानाच समोरचा मोठा टीव्ही लावी.

टीव्हीखाली गेमचं मशीन होतं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं. मागच्या उन्हाळ्यात कॉलेजातल्या एका पाहुण्या मुलीला सोबत खेळायला कोणी मिळेना, म्हणून तिनं संगीताच्या हातात रिमोट दिला आणि कुठलं बटण कशाला ते शिकवलं. संगीताला वाटलं होतं, आपल्याला काय जमतंय. पण जमलं, आणि गोडीही लागली. बंगल्याच्या मालकीणबाई माधवीताई पुण्याच्या. त्यांना तिनं भीत भीत सांगितलं, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, खेळ की, एवीतेवी पडूनच असतं ते.

तिला आवडायचा तो खेळ साधा होता. दोन छोटी माणसं, त्यांना चेहरेही नाहीत. एक डोंगर, ओढे, साकव, अरुंद पायवाटा. पायथ्याला पडलेली तुळई, दगड, दारं, खिडक्या उचलून माथ्यावर न्यायच्या आणि तिथं घर उभं करायचं. प्रत्येक ओझ्याला दोन टोकं. एक आपण धरायचं, दुसरं दुसऱ्या गड्यानं. तो दुसरा गडी इंटरनेटवरून यायचा, कुठल्या देशातला ते देवाला ठाऊक. कोणी धसमुसळा असायचा, उतारावर ओझं टाकून पळून जायचा. कोणी बरा निघायचा. त्यांची परकी नावं संगीताला जुळवून वाचली तरी उमगायची नाहीत, पण चालीवरून माणूस कळायचा.

संगीता होती ठाकरवाडीची. लहानपणापासून डोक्यावर मोळी, कमरेवर हंडा. ओझं वाहण्याचाही कोणी खेळ करेल आणि तो आपण पाय पसरून बसून खेळू, याचं तिला दर सोमवारी नव्यानं हसू यायचं.

२

भाद्रपदात रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं केबल तोडली आणि नेट गेलं. लोणावळ्याहून पवन आला. आसपासच्या बंगल्यांचे टीव्ही आणि नेट तोच बघायचा. खांबच आडवा झालाय, दिवाळीपर्यंत तरी काही होत नाही, असं सांगून तो मशीनपाशी उकिडवा बसला. एकेक गेम उघडून बघितली. प्रत्येक वेळी पडद्यावर तेच यायचं, इंटरनेटला जोडा.

"विकत घेतलेली गेम आहे, भाभी," तो वैतागून म्हणाला. "पण कंपनीला विचारल्याशिवाय उघडणार नाही. हे असं आहे आता."

म्हणजे घरची चूल पेटवायला पुण्याच्या माणसाची परवानगी, असं संगीताच्या मनात आलं. हा काय न्याय झाला. पण तिचा ओझ्याचा खेळ सीडीसारख्या चकतीवरचा, जुना. तो उघडला. वरच्या कोपऱ्यात पृथ्वीचा गोळा असायचा, त्यावर काट आली होती आणि शेजारी एक इवलंसं घर दिसत होतं. नेटशिवाय चालू आहे याची ती खूण, असं पवननं सांगितलं. आता दुसरा गडी चालवायला कोणी येणार नाही, तो नुसता उभा राहील. एकटीनंच खेळायचं, एक टोक उचलून पुढं ठेवायचं, मग जाऊन दुसरं उचलायचं.

संगीताला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. कोणाची घाई नाही, कोणी टाकून जायला नाही. बाहेर धुकं खिडकीला टेकलेलं असायचं, नागफणीचा सुळका दिसायचा आणि पुसून जायचा, आणि आत ती पावलापावलानं एक तुळई डोंगरावर चढवत बसायची. एका दुपारी एक वळण झालं, तरी ती खूश.

असे पंधरा दिवस गेले असतील. एका मंगळवारी तुळई ओढ्याकाठी ठेवून ती पाण्याची मोटर बंद करायला मागच्या दारी गेली. टाकी भरून वाहत होती. बटण दाबून, पाय पुसून ती परत आली आणि पडद्यासमोर उभी राहिली.

तुळईचं एक टोक जमिनीवर होतं. दुसरं वर उचललेलं होतं. पंधरा दिवस नुसता उभा असलेला दुसरा गडी ते धरून होता.

जाताना आपलाच अंगठा कुठंतरी लागला असणार, असं तिनं स्वतःला समजावलं. खाली बसून तिनं आपलं टोक उचललं. दुसरा गडी चालू लागला. ती थांबली की तो थांबे, ती वळली की तो वळे. ओढा पार झाला, पहिली चढण संपली. मग तिचं लक्ष वरच्या कोपऱ्याकडं गेलं. घराच्या खुणेखाली तीन शब्द आले होते. संगीता नववीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं जुळवून वाचायची. तिनं जुळवली. प्लेअर टू. आणि त्याच्यापुढं, लोकल.

३

लोकल हा शब्द तिला चांगला माहीत होता. पाहुणे तो वापरायचे. लोकल माणसाला विचारा, लोकल बाई आहे का स्वयंपाकाला. लोकल म्हणजे आपण. वाडीतले, गावातले, इथले.

गुरुवारी पवन शेजारच्या बंगल्यावर आला होता, त्याला तिनं कुंपणावरूनच विचारलं. तो सहज म्हणाला, नेट नसलं तरी दोघांना खेळता येतं, भाभी. फक्त दुसरा माणूस त्याच खोलीत पाहिजे. दुसरा रिमोट घेऊन शेजारी बसायचं.

"आन् दुसरं कोणी नसंल तर?"

"मग नाही येणार. नेट असेल तर समोरचा अमेरिकेतही चालतो. नेट नसेल तर इथंच पाहिजे, तुमच्या बाजूला." तो हसला. "का, गोविंदाभाऊ पण खेळायला लागले काय?"

नवऱ्याचं नाव ऐकून संगीताही हसली. मग आत येऊन तिनं टीव्हीखालचा खण ओढला. दुसरा रिमोट तिथंच होता, वायर गुंडाळलेला, दिवा विझलेला. नेट गेल्यापासून तो कोणी चार्जही केला नव्हता. तिनं तो उचलला.

रिमोट गरम होता. फडक्यात गुंडाळून ठेवलेली भाकर तासाभरानं लागावी, तेवढाच.

टीव्हीची ऊब खाली उतरत असेल, ती मनाशी म्हणाली. टीव्ही त्या दिवशी अजून लावलेला नव्हता, हे तिला खण लावल्यावर आठवलं.

४

संगीता भित्री बाई नव्हती. धुक्यात, चार चार दिवस रिकाम्या बंगल्यात ती एकटी वावरलेली. दारं वाऱ्यानं आपटतात, लाकूड ओलं झालं की करकरतं, माळ्यावर उंदीर पळतात, हे सगळं तिला ऐकून माहीत होतं. म्हणून तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा तिनं चिकाटीनं त्याचा माग काढला.

टिक.

बटण दाबल्याचा आवाज. तिच्या हातातल्या रिमोटचाही तसाच यायचा, पण हा मागून येत होता, सोफ्याच्या बाजूनं. तिनं पाल शोधली. फ्रीज बंद केला. आवाज येतच राहिला, आणि मग तिला त्यातला क्रम कळला. आधी मागं टिक व्हायचं, आणि लगेच पडद्यावरचा दुसरा गडी पाऊल टाकायचा. कधीच उलट नाही.

एकदा ती झटकन वळली. सोफा होता. सकाळी तिनंच झटकून घातलेली चादर होती, सुरकुती नसलेली. आवाज थांबला होता. ती पुन्हा पडद्याकडं वळली, तर दुसरा गडी ओझं धरून तसाच उभा होता. तिची वाट बघत. क्षणभरानं मागं हळूच एक टिक झालं. चल म्हटल्यासारखं.

आणि गंमत अशी, की तो गडी लय चांगला होता. इतका चांगला जोडीदार तिला नेटवर कधी मिळाला नव्हता. तो ओढत नसे, ढकलत नसे. साकवावर ती अडखळली तर ओझ्याचा भार आपल्याकडं घेई. महिनाभरात त्यांनी चारही भिंतींचे दगड माथ्यावर नेले, चौकट उभी केली. सोमवार-मंगळवारच नव्हे, ती बुधवारी, गुरुवारीही खेळू लागली. घरी जाताना तिचे खांदे हलके असत. ती गुणगुणत भाकऱ्या थापी. रात्री पडल्यावर मात्र तिला पवनचं वाक्य आठवे, आणि ते काही केल्या दुसऱ्या कुठल्या अर्थानं वाचता येत नसे. नेट नसेल तर इथंच पाहिजे. तुमच्या बाजूला.

शेवटी तिनं गोविंदाला सांगितलं. गोविंदा तिचा नवरा, बंगल्याची बाग आणि गवत बघायचा. मोजकं बोलणारा माणूस. त्यानं तिला वेड्यात काढलं नाही की देवऋष्याचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाय धुऊन तो हॉलमध्ये आला आणि दाराशीच, चौकटीला टेकून उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. संगीता खेळू लागली. तो बराच वेळ पडद्याकडं बघत होता. दुसरा गडी सरळ चढत नव्हता. आडवा जाई, वळे, पुन्हा आडवा येई, आणि दर वळणावर चार श्वास थांबे.

"ह्यो बाहेरचा न्हाई," गोविंदा हलक्या आवाजात म्हणाला. "घाटानं ओझी न्हेलेली मानसं चढत्यात अशी. माजा बा चढायचा."

"मंग कोन हाय?"

"मला काय ठावं?" त्यानं सोफ्याकडं न बघता टोपी डोक्यावर ठेवली. "तुला तरास देतोय का?"

"न्हाई."

"मंग त्याला काई इचारू नगंस."

आणि तो गवत कापायला निघून गेला. त्या दिवसानंतर तो हॉलमध्ये आला नाही. चहा प्यायचा असला तर मागच्या पायरीवर बसे.

५

दिवाळीच्या आधी खांब उभा राहिला. माधवीताई स्वतः गुरुवारी पुण्याहून आल्या, पवननं केबल जोडून दिली आणि तो गेला. ताईंनी बंगला फिरून बघितला, समाधानानं मान हलवली. मग चहाचा कप घेऊन त्या सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, दाखव बघू तुझा तो खेळ, आज मीच तुझी जोडीदार.

संगीतानं नको म्हणायला तोंड उघडलं, पण काय कारण सांगणार? तिनं खेळ लावला. ताईंनी वाकून खणातून दुसरा रिमोट काढला.

"अगं, हा गरम कसा? चार्जिंगला होता का?"

ताईंनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पडद्यावर एक चौकट आली, ती त्यांनी मोठ्यानं वाचून मराठीत सांगितली. दोन्ही खेळाडू हजर आहेत. जागा शिल्लक नाही.

"नेट आलंय ना, बाहेरचं कोणी घुसलं असेल," ताई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा वर सरकवून कोपऱ्यातली अक्षरं वाचली. "नाही गं. लोकल दाखवतंय."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऑफिसचं काही काम निघालं असावं. त्या फोनवर बोलू लागल्या, नजर खिडकीबाहेर. संगीता फरशीवर बसून त्यांच्याकडं बघत होती, म्हणून तिला ते स्वच्छ दिसलं. बोलता बोलता ताईंनी मांडीवरची ओढणी गोळा केली, चहाचा कप या हातातून त्या हातात घेतला, आणि त्या सोफ्यावर हातभर बाजूला सरकल्या.

एसटीत शेजारी कोणी बसायला आलं, की आपण त्याच्याकडं न बघता सरकतो ना, अगदी तशा.

सरकल्यावर त्या आणखी दोन वाक्यं बोलल्या. मग बोलणं मध्येच थांबलं. त्यांनी मान वळवून शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. फोनमधून कोणीतरी हॅलो, हॅलो म्हणत होतं. ताई उठल्या. अगदी सावकाश उठल्या, झोपलेल्या माणसाजवळून उठावं तशा. चहा अर्धा तसाच टिपॉयवर ठेवला.

"संगीता," त्या म्हणाल्या, "हे मशीन मी घेऊन जाते. भाचीला हवंय."

संगीतानंच ते काढून, वायरी गुंडाळून गाडीत ठेवलं. दोन्ही रिमोटही. ताईंनी तिला दिवाळीची साडी दिली, तब्येत सांभाळ म्हणाल्या, आणि उजेड असेतोवरच निघून गेल्या. खरं तर मुक्काम करणार होत्या त्या.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, तिथं सगळं ठीक ना? संगीता म्हणाली, व्हय ताई. मग संगीतानं विचारलं, मशीन चालतंय ना? ताई म्हणाल्या, चालतं की. भाची एकटीच खेळते. दुसरं कोणी येत नाही.

हे ऐकून संगीताला हायसं वाटायला हवं होतं. तिनं फोन ठेवला आणि ती हॉलच्या दाराशी उभी राहिली. मशीनबरोबर काही गेलं नव्हतं, एवढंच तिला त्यातून कळलं.

६

पुढचे आठ-दहा दिवस काहीच झालं नाही. पाहुणे आले, गेले. सोमवारी दुपारी ती डबा घेऊन मागच्या पायरीवर गोविंदाशेजारी बसू लागली. लख्ख ऊन पडलं होतं, धुकं उठलं होतं, आणि दरी अगदी तळापर्यंत दिसत होती. गोविंदाला बरं वाटत होतं, ते त्यानं बोलून दाखवलं नाही तरी तिला कळत होतं. तिलाही बरंच वाटत होतं. फक्त हात रिकामे वाटायचे.

एका बुधवारी छपराच्या पन्हळीत पालापाचोळा अडकल्याचं तिच्या ध्यानात आलं. शिडी मागच्या भिंतीला, खालच्या अंगाला आडवी पडलेली होती. चांगली पंधरा फुटांची, बांबूची, जड. एरवी ती आणि गोविंदा मिळून आणायचे. गोविंदा खाली फाटकाजवळ कुंपण छाटत होता. कोयत्याचा आवाज येत होता. त्याला हाक मारण्यापेक्षा आपणच फरफटत न्यावी, असं म्हणून तिनं पदर खोचला, शिडीचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं आणि चालू लागली.

चार पावलं गेल्यावर तिला वाटलं, शिडी हलकी आहे.

फरफटीचा आवाजच येत नव्हता. फरशीवर बांबू खरवडायला हवा होता. ऐकू येत होती ती फक्त तिची पावलं. शिडी तिच्या खांद्यावर सपाट, एका पातळीत होती, आणि तिच्या चालीला चाल मिळवून येत होती. गोविंदाच आला असणार मागून, तिला वाटलं, आणि ती वळून न बघताच म्हणाली, आधी का न्हाई आलात?

उत्तर आलं नाही. गोविंदा तसाही मोजकंच बोलायचा.

पायऱ्या आल्या. पायऱ्यांच्या मधोमध वळण आहे, दरीच्या बाजूला. त्या वळणावर शिडी थांबली. मागून कोणी ओढली नाही, नुसती थांबली. संगीताही थांबली. एक श्वास. दोन. तीन. चार. आणि शिडी पुन्हा चालू झाली.

संगीताच्या मानेवर काटा आला. तिचे पाय मात्र चालत राहिले, त्यांना चाल सापडली होती. वर अंगणात पोचल्यावर तिनं आपलं टोक कठड्यावर टेकवलं आणि हात झटकले. खालून फाटकाकडून कोयत्याचा खट्ट, खट्ट असा आवाज अजून येतच होता.

मग तिनं मागं बघितलं. एकदाच.

शिडीचं मागचं टोक खाली ठेवलेलं नव्हतं. ते कमरेएवढ्या उंचीवर होतं, स्वच्छ उन्हात, आणि त्याच्यामागं पायऱ्या, दरी आणि पलीकडं नागफणी एवढंच होतं. टोक स्थिर नव्हतं. किंचित वर जाई, किंचित खाली येई. चढण चढून आलेल्या माणसाला दम लागलेला असला की त्याच्या हातातली वस्तू हलते, तसं.

कोयता थांबला. गोविंदानं खालून मान वर केली असावी. त्याला झाडांतून कितपत दिसत होतं कोण जाणे.

"संगे," त्यानं हाक दिली. "शिडी येकटीनं उचलू नगंस. थांब, आलो मी."

संगीता त्या टोकाकडं बघत राहिली. ते वाट बघत होतं. त्याला कसलीही घाई नव्हती. तिच्या छातीत धडधडत होतं, आणि त्या धडधडीच्या खाली, कितीतरी दिवसांनी, तिला निवांत वाटत होतं. तिनं घाम पुसला आणि आपलं टोक पुन्हा खांद्यावर घेतलं.

"ऱ्हाऊ द्या," ती खाली बघून म्हणाली. "आमी दोघं हाय."